उतारीचा रंग

रिझर्व्ह बँकेने रेपो दर खाली आणला, एका मोठ्या बँकेने लगेच गृहकर्ज स्वस्त केले आणि आठवड्याभरात बाकीच्या बँकांनीही तेच केले, की इंग्रजी वर्तमानपत्रांत दोन शब्द हमखास येतात : 'फॉलो सूट'. एका विमान कंपनीने भाडे वाढवले आणि दुसऱ्यांनीही वाढवले, एका देशाने सीमा बंद केली आणि शेजाऱ्यांनीही केली, पहिला पाहुणा उठला आणि बाकीचेही उठले, या सगळ्यांना इंग्रजीत हेच दोन शब्द पुरतात. मराठी बातमीत त्याचे 'अनुकरण केले' होते. वाचकाला मतलब कळतो. पण अनुकरण माणूस बहुधा आपखुशीने करतो. या शब्दप्रयोगाच्या मुळाशी आपखुशी जवळजवळ नाहीच. तो पत्त्यांच्या डावातून आला आहे, आणि तिथे तो सल्ला नसून नियम आहे.

तो नियम आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. मेंढीकोटाचा डाव घ्या. चार भिडू, समोरासमोरच्यांची जोडी, प्रत्येकाला तेरा पाने. एकाने बदामाची उतारी केली की बाकी तिघांनी, हातात बदाम असेल तर, बदामच टाकायचा. मोठा टाका, लहान टाका, ती मुभा आहे. रंग मात्र उतारीचाच. बदाम नसेल तरच दुसरे पान टाकता येते, किंवा हुकूम मारून हात खेचता येतो. इंग्रजीत पत्त्यांच्या रंगाला 'सूट' म्हणतात. इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर हे चार सूट. उतारीच्या रंगाचे पान टाकणे म्हणजे 'टू फॉलो सूट'. शब्दशः अर्थ एवढाच.

हा नियम काढून टाकला तर डावात काय उरेल? हातात एक्का असून उपयोग नाही, कारण त्यावर कोणीही केव्हाही हुकूम मारील. कोणाकडे काय आहे याचा अंदाज बांधायला काहीच आधार राहणार नाही. रंगाच्या सक्तीमुळे प्रत्येक पान काहीतरी सांगून जाते. समजा, बदामाच्या दोन फेऱ्या झाल्या आणि दुसऱ्या फेरीत डावीकडच्याने किलवर टाकले. त्याच्याकडचे बदाम संपले, हे त्या क्षणी तिघांनाही कळते. रंगाची पाने तेरा, त्यांतली सात टेबलावर पडली, म्हणजे उरलेली सहा आपल्यासह तिघांतच आहेत. चांगला खेळाडू ही मोजणी शेवटपर्यंत करत राहतो. सगळी गंमत एका सक्तीतून निघते. कट हुकमाचा मेंढीकोट खेळलेल्यांना हे आणखी चांगले उमजेल. तिथे हुकूम आधी ठरलेला नसतो. उतारीच्या रंगाचे पान ज्याच्याकडे पहिल्यांदा नसेल तो जे पान टाकील, त्याचा रंग हुकूम ठरतो. रंग नसणे ही एरवीची उणीव, पण इथे तिच्यातून पुढच्या डावाची सत्ताच मिळते.

ज्या इंग्रजी खेळातून हा शब्दप्रयोग रुळला तो व्हिस्ट. मेंढीकोटाचा तो दूरचा भाऊच म्हणायला हरकत नाही : चार भिडू, दोन जोड्या, तेरा हात. वाटणाऱ्याने स्वतःला दिलेले शेवटचे पान उघडे ठेवायचे आणि त्याचा रंग हुकूम धरायचा. सतराव्या शतकात इंग्लंडात हा खेळ बाळसे धरू लागला आणि अठराव्या शतकात लंडनच्या दिवाणखान्यांत त्याची इतकी चाहत लागली की तो शिकवण्यावर पोट भरणारे शिक्षक निघाले. एडमंड हॉइल हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. १७४२ साली त्यांनी व्हिस्टवर एक छोटे पुस्तक छापले आणि किंमत ठेवली एक गिनी. त्या काळी ही मोठी रक्कम होती, त्यामुळे लगेच चोरट्या आवृत्त्या निघाल्या. खरी प्रत ओळखता यावी म्हणून हॉइल प्रतींवर सही करू लागले. नियमाप्रमाणे चाललेल्या कोणत्याही गोष्टीला इंग्रजीत आजही 'अकॉर्डिंग टू हॉइल' म्हणतात. ज्यूल्स व्हर्नचा फिलीअस फॉग मुंबईमार्गे जगाला ऐंशी दिवसांत फेरी मारतो, तो क्लबात आणि आगगाडीत खेळत असतो तो हाच खेळ. पुढे त्याची जागा ब्रिजने घेतली. ब्रिजचे आजचे रूप हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ साली पनामा कालव्यातून जाणाऱ्या जहाजावर घडवले. खेळ बदलला, रंगाची सक्ती तशीच राहिली.

हातात रंग असून दुसरे पान टाकणे हा या खेळांतला मोठा गुन्हा. चुकून घडला तरी दंड आहेच. व्हिस्टमध्ये तो तब्बल तीन हातांचा असे. आजच्या स्पर्धात्मक ब्रिजमध्ये एका किंवा दोन हातांचा असतो. मला यातली कठोरता योग्य वाटते. पाने दुसऱ्याला दिसत नसतात, म्हणून सगळा डाव विश्वासावर चालतो. चौघांपैकी एकाने रंग दडवला की बाकी तिघांनी केलेली सगळी मोजदाद खोटी पडते, आणि हे फार उशिरा, तो दडवलेला बदाम बाहेर आला तेव्हाच उघडकीला येते. या गुन्ह्याला इंग्रजीत 'रिव्होक' म्हणतात, आणि अमेरिकेत 'रिनेग'. दिलेला शब्द फिरवणे, करारातून मागे हटणे यालाही इंग्रजीत 'रिनेग' हाच शब्द आहे. लॅटिनमधल्या 'नाकारणे' या अर्थाच्या क्रियापदापासून तो आला. पत्त्यांतला खोटारडेपणा आणि व्यवहारातला वचनभंग इंग्रजीने एकाच शब्दात ठेवले.

'सूट'चे घराणे आणखी मोठे आहे. लॅटिनमध्ये 'सेक्वी' म्हणजे मागोमाग जाणे. जुन्या फ्रेंचमधून तो शब्द इंग्लंडात आला आणि त्याची कितीतरी रूपे झाली : कोर्टात कोणाच्या मागे लागणे तो 'लॉसूट', मुलीच्या मागे विवाहासाठी फिरणारा तो 'सूटर', पाठलाग तो 'परस्यूट', एकामागून एक येणारा क्रम तो 'सीक्वेन्स'. एकाच कापडाचे, एकमेकांमागून चालावेत असे कपडे तो अंगावरचा सूट, आणि एकाच चिन्हाची एकामागून एक येणारी पाने तो पत्त्यांतला सूट. म्हणजे 'फॉलो सूट' या दोन शब्दांत मागोमाग जाणे दोनदा आले आहे. भाषाशास्त्रज्ञ या लॅटिन क्रियापदाचे नाते संस्कृतच्या 'सच्' या धातूशी लावतात. सोबत असणे, मागे जाणे हा त्याचा अर्थ. आपला 'सचिव' त्याच धातूतून आला आहे.

रंगांची विभागणी पत्त्यांत कुठून आली याचा माग इजिप्तपर्यंत जातो. इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात ममलूक काळातला हाताने रंगवलेला संच आहे. त्याची रचना बावन्न पानांची आणि चार रंगांची : पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या. १३७०च्या दशकात पत्ते युरोपात पोहोचले आणि १३७७ साली फ्लॉरेन्सने त्यांच्यावर बंदीही घातली. आज ओळखीची असलेली चार चिन्हे फ्रान्समध्ये पंधराव्या शतकाच्या अखेरीस तयार झाली. आपल्याकडे रंगांची कल्पना आणखी फुलली. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा रंग असतात, प्रत्येक अवताराचा एक. राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा बारा पाने, एकूण १२० गोल पत्ते. तिथे अर्ध्या रंगांत दश्शी वरची आणि अर्ध्यांत एक्का वरचा असतो. एवढे रंग आणि त्यांचे उलटसुलट मान लक्षात ठेवून खेळणाऱ्या जुन्या मंडळींबद्दल मला खरोखर आदर वाटतो.

पत्त्यांच्या टेबलावरून हा शब्दप्रयोग रोजच्या बोलण्यात उतरला तो एकोणिसाव्या शतकात. येताना त्याने काही आणले आणि काही मागे सोडले. आणले ते असे : कोणीतरी उतारी केलेली असते, त्याच फेरीत दुसऱ्यांची पाळी येते आणि त्यांची कृती पहिल्याच्याच जातीची असते. मागे राहिली ती सक्ती. आजच्या इंग्रजीत कोणी राजीखुशीने दुसऱ्यासारखे केले तरी 'फॉलोड सूट' चालते. तरीही सक्तीची छटा पुरती पुसलेली नाही. हा प्रयोग सर्वांत बेमालूम बसतो तो परिस्थितीने पाळी आणली आहे, न करून चालणार नाही, अशा ठिकाणी. म्हणून तो शेअर बाजार, भाडी, व्याजदर आणि परराष्ट्र धोरणाच्या बातम्यांत इतका दिसतो.

मराठीत याच्या जवळचे तीन प्रयोग आहेत आणि तिन्ही थोडे थोडे बाजूला पडतात. कित्ता गिरवणे घ्या. गुरुजींनी वळणदार अक्षरांचा नमुना घालून द्यायचा आणि मुलाने तो पुन्हा पुन्हा गिरवायचा, यातून तो आला. म्हणून त्यात आदर्श आहे आणि सराव आहे. इंग्रजीत त्याच्या शेजारी 'टेक अ लीफ आउट ऑफ समवन्स बुक' बसते, कारण तिथेही दुसऱ्याच्या पुस्तकातले पान घ्यायचे आहे. पावलावर पाऊल टाकण्यात आयुष्यभराची वाट आहे. डॉक्टरची मुलगी डॉक्टर होते तेव्हा ते शोभते, बँकेने व्याजदर घटवल्यावर शोभत नाही. री ओढणे हे बोलण्याविषयी असते आणि त्यात स्वतःचे मत नसल्याचा ठपका येतो. 'फॉलो सूट'मध्ये आदर्श नाही, आयुष्याची वाट नाही, ठपकाही नाही. एका फेरीतली एक कृती आहे. त्यामुळे भाषांतर करताना प्रत्येक वेळी 'कित्ता गिरवला' लिहिणाऱ्यांशी माझे पटत नाही. एका बँकेने घाईघाईने ठेवींचे दर उतरवले आणि दुसरीने नाइलाजाने उतरवले, तर त्यात कोणी कोणाला आदर्श मानलेले नाही. 'पाठोपाठ दुसऱ्या बँकांनीही दर उतरवले' एवढे साधे वाक्य जास्त खरे असते.

पत्त्यांच्या या नियमातून मराठीला स्वतःची देणगीही मिळाली आहे. झब्बूच्या खेळात उतारीचा रंग हातात नसला की दुसऱ्या रंगाचे पान टाकून झब्बू द्यायचा, आणि त्या फेरीत उतारीच्या रंगाचे सर्वांत मोठे पान ज्याचे असेल त्याने सगळी पाने उचलायची. नको असलेले काम दुसऱ्याच्या गळ्यात टाकण्याला आपण झब्बू देणे म्हणतो ते यातूनच. हुकमाचे पान, हुकमी एक्का ही त्याच घरची.

इंग्रजी लिहिताना या प्रयोगात होणाऱ्या चुका ठरावीक आहेत. 'सूट'च्या आधी 'द', 'हिज' किंवा 'देअर' लावायचे नाही. 'फॉलोड हिज सूट' म्हटले तर कोणाच्या तरी कोटाच्या मागे चालल्यासारखे होते. 'सूट'चे अनेकवचनही करायचे नाही, दहा कंपन्या असल्या तरी 'टेन कंपनीज फॉलोड सूट'. काळ बदलला तर फक्त पहिला शब्द बदलतो. सर्वांत जास्त दिसणारी चूक स्पेलिंगची : शेवटी एक 'ई' जादा लागला की तो 'स्वीट' होतो, म्हणजे हॉटेलातल्या एकमेकांना जोडलेल्या खोल्या. दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे, पण लिहिण्यात घोळ घालायचा नाही. शिवाय कर्ता कधीच पहिला नसतो. ज्याने उतारी केली त्याच्याबद्दल हा प्रयोग वापरता येत नाही, फक्त मागून पान टाकणाऱ्यांबद्दल वापरता येतो. आणि आधी काय घडले ते वाक्यात किंवा त्याच्या अलीकडे सांगितलेलेच पाहिजे, नाहीतर कोणता रंग पाळला हे वाचणाऱ्याला कळणार नाही. ज्या कामात एखादा सरस असतो त्याला 'स्ट्राँग सूट' म्हणतात, तोही पत्त्यांतलाच : हातात ज्या रंगाची पाने भरपूर आणि वजनदार, तो रंग.

रंग असणे, नसणे आणि असून नाकारणे या तिन्हींची छटा कळायला चलनांचा इतिहास फार उपयोगी पडतो. २१ सप्टेंबर १९३१ रोजी ब्रिटनने पौंडाचा सोन्याशी असलेला संबंध तोडला. जगाच्या व्यापाराचे केंद्रच सोन्यापासून सुटल्यावर बाकीच्यांना पर्याय थोडे होते. स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क यांनी सप्टेंबर सरायच्या आत तेच केले, जपानने डिसेंबरात. अमेरिका १९३३ साली सोन्यापासून दूर झाली आणि फ्रान्स १९३६ पर्यंत अडून राहिला. इंग्रजी इतिहासाच्या पुस्तकांत या देशांसाठी 'फॉलोड सूट' हेच शब्द येतात. भारताला मात्र पान टाकण्याची पाळीच मिळाली नाही. रुपया १ शिलिंग ६ पेन्स या दराने पौंडाला बांधलेला होता, आणि तो तसाच बांधलेला ठेवण्याचा निर्णय लंडनने घेतला. हा दर रुपयाला जड आहे, तो १ शिलिंग ४ पेन्स असावा, असे इथले व्यापारी आणि उद्योजक कित्येक वर्षे सांगत होते. त्यांचे कोणी ऐकले नाही. सोन्याचा रुपयांतला भाव चढला, मंदीत पिचलेल्या शेतकऱ्यांनी घरचे दागिने मोडले, आणि ते सोने मुंबई बंदरातून बाहेर जात राहिले. इथे 'भारताने फॉलो सूट केले' असे लिहिणे मला अन्यायाचे वाटते. दुसऱ्याने आपल्या हातातले पान ओढून टेबलावर टाकले तर तो आपला डाव होत नाही.

१९४९ची गोष्ट निराळी. आता भारत स्वतः खेळत होता. १८ सप्टेंबर १९४९ रोजी ब्रिटनचे अर्थमंत्री स्टॅफर्ड क्रिप्स यांनी पौंडाचे मूल्य ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणले, म्हणजे सुमारे साडेतीस टक्क्यांची घट. भारताचा बराच व्यापार पौंडाच्या गटातल्या देशांशी होता, आणि युद्धकाळापासून साठलेली मोठी शिल्लक पौंडांत होती. रुपया वर राहिला असता तर आपला ताग, चहा आणि कापड परदेशात एकदम महाग झाले असते. जॉन मथाई अर्थमंत्री होते. लगोलग भारताने रुपया तितकाच उतरवला. एका डॉलरला सुमारे ३.३१ रुपये पडत, ते ४.७६ रुपये पडू लागले. ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, सिलोन, ब्रह्मदेश, सगळ्यांनी उतारीचा रंग पाळला.

पाळला नाही तो पाकिस्तानने. पौंडाच्या गटातला तो एकटाच देश वेगळे पान टाकून मोकळा झाला. त्याच्या बाजूने कारण होते. जगातला बहुतेक कच्चा ताग पूर्व बंगालमध्ये पिकत होता, आणि चढ्या भावातही तो विकला जाणारच होता. बाहेरून यंत्रे आणायची तर रुपया वरचाच बरा. पण फाळणीने तागाची शेते एका देशात आणि हुगळीकाठच्या गिरण्या दुसऱ्या देशात टाकल्या होत्या. आता पाकिस्तानचे १०० रुपये म्हणजे भारताचे १४४ रुपये झाले. हा दर मानायला भारताने नकार दिला. दोन्ही देशांतला व्यापार जवळजवळ थांबला. कलकत्त्याच्या तागगिरण्यांना कच्चा माल मिळेना, आणि सिंध व पश्चिम पंजाबच्या कापसावर चालणाऱ्या मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनाही झळ लागली. भारताने आपल्याकडे तागाची लागवड वाढवायला घेतली.

जून १९५०मध्ये कोरियात युद्ध पेटले आणि ताग-कापसाच्या किमती जगभर उसळल्या. पाकिस्तानचे पान त्या फेरीत चालले. चिंतामणराव देशमुख तोवर भारताचे अर्थमंत्री झाले होते. फेब्रुवारी १९५१मध्ये भारताने पाकिस्तानी रुपयाचा तो दर मान्य केला आणि व्यापाराचा करार झाला. त्याच वर्षी ढाक्याजवळ नारायणगंजला आदमजींची तागगिरणी उभी राहिली, म्हणजे कच्चा ताग खपवण्यासाठी हुगळीकडे पाहण्याची पाकिस्तानची गरजही कमी होऊ लागली. तेजी ओसरली, परकीय चलनाची चणचण भासू लागली, आणि १९५५ साली पाकिस्ताननेही आपला रुपया उतरवला. त्या वर्षाबद्दल लिहिताना इंग्रजी लेखक पुन्हा 'फॉलोड सूट' म्हणतात. मला ते पटत नाही, कारण उतारी होऊन सहा वर्षे झाली होती आणि ती फेरी केव्हाच संपली होती.